महाविद्यालयीन संशोधन केंद्रातील संशोधन सल्लागार समिती : रचना आणि कार्य

पीएच.डी.चे संशोधन हा मार्गदर्शक आणि विद्यार्थी या दोघांपुरता विषय आहे, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती अपेक्षिली व मार्गदर्शकास तिचे निमंत्रक केले. २०२२ च्या विनियमांनीही ही तरतूद कायम ठेवली. विषय निश्चित करणे, संशोधन आराखडा व पद्धती ठरविण्यास साहाय्य करणे आणि प्रगतीचा आढावा घेणे ही तिची कार्ये होत. २०१६ मध्ये दर सहा महिन्यांनी, तर आता प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने समितीपुढे सादरीकरण करावयाचे आहे.

समितीत कोण असावे, हा खरा प्रश्न आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक महाविद्यालयांत एका विषयाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक एक किंवा दोनच असतात. त्यामुळे जे उपलब्ध असतील त्यांचीच समिती होते व तिचे काम स्वाक्षरीपुरते उरते. वस्तुतः याच जिल्ह्यात एक वेगळा प्रघात आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या सल्लागार समितीत मार्गदर्शकाबरोबर अन्य संबंधित विषयांचे अध्यापकही असतात आणि प्रबंधाच्या आरंभीच त्या सर्वांची नावे येतात. कृषिविद्येच्या विद्यार्थ्याला मृदाशास्त्राचा अध्यापक प्रश्न विचारतो, यात तेथे कोणास नवल वाटत नाही. कला व वाणिज्य शाखांनी हे स्वीकारण्यास काय हरकत आहे?

समजा, एखादा विद्यार्थी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यावर वाणिज्य विषयात संशोधन करीत आहे. ताळेबंदाचे विश्लेषण मार्गदर्शक पाहतील. परंतु विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या काळातील कागदपत्रे कशी वाचावीत, हे इतिहासाचा अध्यापक सांगेल. ऊसतोडणी कामगारांच्या मुलाखतींसाठी समाजशास्त्राचा अध्यापक हवा. तात्पर्य, सदस्य विषयाच्या नावावरून न निवडता विद्यार्थ्याच्या साधनांवरून व पद्धतीवरून निवडावेत.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.चा लघुप्रबंध केवळ एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण केला. नमुना निवडीतील दोष मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी दाखविला, तेव्हा प्रश्नावल्या भरून वर्ष लोटले होते. संख्याशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याने तो दोष दहा मिनिटांत दाखविला असता. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केल्याने संशोधनाची ती पहिली तालीमही आता उरलेली नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. प्रगती असमाधानकारक असल्यास समितीने कारणे नोंदवून सुधारणा सुचवावयाच्या असतात. त्या न झाल्यास ती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. ज्या समितीने विद्यार्थ्याचे कधी ऐकलेच नाही, ती कोणती कारणे नोंदविणार? किमान तीन वर्षांच्या अवधीत सहा सादरीकरणे होतात. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त विद्यार्थ्यास लेखी द्यावे आणि पुढील बैठकीचा आरंभ त्याच्या वाचनाने करावा. याकरिता स्वतंत्र निधी लागत नाही.