विषमज्वराच्या जंतूचे पांघरूण

वसतिगृहात शेकडो मुले एका पंगतीत जेवतात, एकाच टाकीचे पाणी पितात. अशा ठिकाणी विषमज्वराचे, म्हणजेच टायफॉइडचे, भय नेहमीच असते. हा ताप सौम्यपणे सुरू होतो आणि दिवसागणिक चढत जातो. असे का होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी जंतूच्या पृष्ठभागावर सापडते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या शरीरात दोन प्रकारची प्रतिकारशक्ती असते. एक आजाराने वा लसीने कमावलेली, दुसरी जन्मजात. जन्मजात शक्ती प्रत्येक जंतूला वेगळे ओळखत नाही. पुष्कळ जंतूंत समान असणाऱ्या, परंतु मानवी पेशींत नसणाऱ्या खुणा ती ओळखते. टायफॉइड, पटकी यांसारख्या रोगांच्या जंतूंच्या बाह्य आवरणात मेद आणि शर्करा यांपासून बनलेला लायपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो. हीच ती खूण. पटकीचे मेलेले जंतूही प्राण्यांना घातक ठरतात, हे रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये पाहिले आणि त्या विषाला ‘एंडोटॉक्सिन’, म्हणजे अंतर्विष, असे नाव मिळाले.

हे विष शरीराला कळते कसे, हे उमगण्यास आणखी एक शतक लागले. ज्यूल हॉफमन यांनी १९९६ मध्ये फळमाशीतील ‘टोल’ जनुक तिचे बुरशीपासून रक्षण करते, हे दाखविले. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांनी त्याच कुळातील ‘टीएलआर-४’ हा ग्राही रेणू ही खूण ओळखतो, हे उंदरांत सिद्ध केले. दोघांना २०११ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. खूण पटताच भक्षक पेशी धोक्याची सूचना देतात. ताप येतो, दाह होतो. ही प्रतिक्रिया मर्यादेत राहिली तर जंतू मरतात. अतिरेक झाला तर रक्तदाब कोसळून रोगी दगावू शकतो.

विषमज्वराचा जंतू मात्र ‘व्हीआय’ नावाचे शर्करेचे पांघरूण घेतो. त्याखाली खूण झाकली जाते आणि पहारेकरी बराच काळ गाफील राहतो. अन्नविषबाधा करणाऱ्या त्याच्या भाऊबंदांपाशी हे पांघरूण नसते. म्हणून त्यांचा जुलाब-ओकारीचा उद्रेक बहुधा दोन-तीन दिवसांतच होतो, तर विषमज्वर उमटायला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात.

दुःखाचे कारण जाणले की निवारणाचा मार्ग दिसतो, ही तथागतांची शिकवण येथेही प्रत्ययास येते. जंतू ज्या पांघरुणात लपतो, त्याच पांघरुणाची लस झाली. नुसती शर्करा तान्ह्या मुलांत पुरेशी परिणामकारक ठरत नाही; म्हणून ती प्रथिनाला जोडून नवी लस तयार करण्यात आली. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी या लसीची मोहीम हाती घेतली.

तथापि लस हे संपूर्ण कवच नव्हे. काही माणसे बरी झाल्यावरही पित्ताशयात हे जंतू बाळगतात आणि स्वतः धडधाकट राहून इतरांना रोग देतात. म्हणून स्वयंपाकघरातील प्रत्येकाने साबणाने हात धुणे आणि पिण्याचे पाणी शुद्ध ठेवणे अनिवार्य आहे. ताप तीन दिवसांहून अधिक राहिल्यास, तो सौम्य असला तरी, पालकांनी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे आणि सांगितलेले औषध पूर्ण करावे. सौम्य ताप म्हणजे सौम्य रोग, असे या जंतूच्या बाबतीत समजता येत नाही.