शेळी कशाने मेली? अंदाज बांधा, पण तपासून घ्या!

समजा, नशिराबादच्या एखाद्या मजुराची शेळी हिरवी साय धरलेल्या डबक्याचे पाणी प्याली आणि संध्याकाळी मेली. कुणी म्हणेल करणी, कुणी म्हणेल नजर, कुणी शेजाऱ्यावर विषाचा आळ घेईल. भांडण पेटेल, कारण मात्र सापडणार नाही. ते शोधायची रीत सांगणारी ही अमेरिकेतली हकीकत वाचा.

१९९८ च्या मे-जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्रसिंह हे मासे खाऊन जगणारे प्राणी झटके येऊन पडू लागले. ४०० हून अधिक मेले. रोगाची साथ म्हणावी की विष? शास्त्रज्ञांना दोन जुन्या घटना ठाऊक होत्या. १९८७ साली कॅनडात शिंपल्या खाऊन १०० हून अधिक माणसे आजारी पडली, काहींची स्मरणशक्तीच गेली. ते विष सूक्ष्म शेवाळातले होते. नाव डोमोइक आम्ल. १९९१ साली कॅलिफोर्नियातच तेच विष माशांतून पाणपक्ष्यांच्या पोटात गेले व पक्षी मेले.

यावरून अंदाज निघाला: शेवाळातले विष माशांत आणि माशांतून समुद्रसिंहांत गेले असावे. तपासून खरा-खोटा ठरवता येईल अशा अंदाजाला गृहीतक म्हणतात. तो खरा असेल, तर त्याच दिवसांत पाण्यात ते शेवाळ, माशांत विष आणि आजारी प्राण्यांच्या शरीरातही तेच विष सापडायला हवे. आपल्या मांदेलीच्या कुळातल्या माशांत ते सापडले, प्राण्यांच्या शरीरातही सापडले. पाण्यात शेवाळही फोफावलेले होते. पण त्याच वेळच्या शिंपल्यांत विष जवळजवळ नव्हते! फक्त शिंपल्या तपासल्या असत्या, तर खरे कारण निसटले असते.

हा धोका दूरदेशीचाच नाही. १९९७ साली केरळात विझिंजम येथे विषारी शिंपल्या खाऊन ७ जण दगावले.

गोड्या पाण्यातली निळी-हिरवी साय वेगळ्या जातीची असली, तरी तीही विषारी असू शकते. पाणी उकळले तरी ते विष जातेच असे नाही. म्हणून अशा पाण्यापासून मुलांना व जनावरांना दूर ठेवा. जनावर दगावलेच, तर ते कुठे पाणी प्याले, किती वेळाने पडले, दुसरीकडे पाणी प्यालेली जनावरे धड आहेत का, हे मुलांकडून वहीत लिहून घ्या आणि पशुवैद्यांना दाखवा. शेजाऱ्यावर बोट दाखवण्याआधी एवढे तरी करूच.