सायलेन्सरचा जाम बोल्ट

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. खोटे वाटते, पण हिशोब सरळ आहे. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघते. थंडीच्या सकाळी वर्ध्याच्या आर्वी नाक्यावर उभ्या गाडीच्या नळीतून ठिबकणारे थेंब ते हेच. गाडी नागपूरपर्यंत गेली तर सायलेन्सर चांगला तापतो आणि सगळी वाफ बाहेर पडते. घरून बजाज चौक आणि चौकातून घर, एवढीच रोजची धाव असेल तर पाणी आतच साचून राहते.

वर्धा जिल्ह्याला ना समुद्र, ना बर्फ. कोकणात खारी हवा लोखंड खाते. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाड्यांची बुडे सडतात. मग उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या मुलखात सायलेन्सरचे बोल्ट जाम का व्हावेत? निम्मे उत्तर वरच्या पाण्यात आहे, उरलेले उष्णतेत. नव्या बोल्टवर बहुधा जस्ताचा पातळ मुलामा असतो. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि इंजिनाला लागून असलेला मॅनिफोल्ड जोरात चालणाऱ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतो. मुलामा गेला की लोखंड उघडे पडते. त्यात पावसाळ्यात देवळी-पुलगावकडच्या शेतरस्त्यांची काळी माती खाली थापली जाते. ही माती ओल सहजी सोडत नाही. दोन नळ्यांच्या जोडावरचे गॅस्केट फुंकले असेल तर आतला दमट, आम्लयुक्त धूर थेट बोल्टवरच येतो.

गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये तेवढी जागा असतेच कुठे? तो तिथेच फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा दोघांना आवळून धरतो.

लोखंडाला गंजापासून वाचवण्याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना दिल्लीत मेहरौलीला उभा आहे, आणि त्याचा एक धागा वर्धा जिल्ह्यापर्यंत येतो. तो लोहस्तंभ ज्या ‘चंद्र’ राजाचा, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त. त्याची मुलगी प्रभावतीगुप्ता विदर्भात वाकाटकांची राणी होऊन आली आणि पतीच्या निधनानंतर तिनेच राज्य सांभाळले. वाकाटकांची पुढची राजधानी प्रवरपूर म्हणजे आजचे धाम नदीकाठचे पवनार, असे अनेक इतिहासकार मानतात. सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या या स्तंभाचे रहस्य कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवले. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरला. मग आजचे बोल्ट तसेच का करत नाहीत? कारण फॉस्फरस वाढला की पोलाद ठिसूळ होते. स्तंभाला नुसते उभे राहायचे असते, बोल्टला ताण सोसायचा असतो.

तर, जाम बोल्ट काढायचा कसा? पहिली चूक म्हणजे पान्याला लांब पाईप चढवून अंगचा जोर लावणे. सायलेन्सरचे बोल्ट बहुधा ८ किंवा १० मिलिमीटर जाडीचे असतात. ८ मिलिमीटरचा बोल्ट मुळात फार घट्ट आवळलेला नसतो. हातभर पाईपाने त्यावर त्याच्या कित्येक पट जोर येतो आणि गंजाने झिजलेला बोल्ट मानेतून तुटतो. नळ्यांच्या जोडावर आरपार बोल्ट असेल तर फारसे बिघडत नाही, ग्राइंडरने कापून नवा घालता येतो. इंजिनात एका टोकाने बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, म्हणजे स्टड, तुटून हेडमध्ये राहिला, तर मात्र दहा मिनिटांचे काम दिवसभराचे होते.

त्याऐवजी आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत. मग गंज सोडवणारे पातळ तेल मारून शक्य तर रात्रभर मुरू द्यावे. मध्येमध्ये नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके दिले की गंजाला बारीक भेगा जातात आणि तेल आत शिरते. दुकानात मिळणारे डब्ल्यूडी-४० हे मुळात १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे पाणी हटवण्यासाठी तयार झाले. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून ते वापरले गेले. ते कामाला येते, पण मुरलेल्या गंजासाठी खास बनवलेली तेले अधिक सरस ठरतात. पान्याची निवडही महत्त्वाची. बारा कोनी गोटी झिजलेल्या नटावरून घसरते, सहा कोनी गोटी सपाट बाजू धरते. नट आधी किंचित घट्ट दिशेने हलवावा, मग सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. कुरकुर आवाज आला की समजावे, गंज सुटू लागला.

एवढ्याने भागले नाही तर गॅसची ज्योत. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. ८ मिलिमीटरचा नट लालसर होईपर्यंत तापवला तर त्याचे भोक केसाच्या जाडीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या सात-शतांशाने रुंदावते, आणि गंजाची पकड सुटायला तेवढे पुरते. थोडा निवल्यावर आट्यांना मेणबत्ती टेकवण्याची युक्ती जुनीच आहे, वितळलेले मेण आपोआप आत ओढले जाते. ज्योतीचे काम मात्र घरी करू नये. जवळच पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाईप, कधी सीएनजीची टाकीही असते, आणि नुकतेच तेल मारलेल्या नटावर ज्योत धरली तर भडका उडतो. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरणे तर त्याहून वाईट. खाली भक्कम स्टँड हवेतच.

स्टड तुटलाच, तर कसबी वेल्डर त्याच्या थोटक्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड भरतो. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो आणि नटाला पाना लावून थोटूक बाहेर येते. हा उपाय दिसतो त्यापेक्षा भरवशाचा आहे. भोक पाडून उलट्या आट्यांचे हत्यार घालण्याची पद्धत पुस्तकी; ते कडक हत्यार आत तुटले तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही पडत नाही.

बसवताना नवा बोल्ट, नवे गॅस्केट आणि आट्यांना तांब्याची किंवा निकेलची पेस्ट, एवढे केले की पुढच्या वेळी हीच कसरत करावी लागत नाही. सायलेन्सरच्या नळीत बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांना पेस्ट लावताना ती टोकाला लागू देऊ नये, नाहीतर सेन्सर बिघडतो. दिवाळीत लांबच्या गावी निघण्याआधी थंड इंजिन सुरू करून कान द्यावा. पुढच्या बाजूने टिकटिक-फटफट आवाज येत असेल तर जोड गळतो आहे. तो तसाच ठेवून मुलाबाळांसह काचा लावून प्रवास करू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.