मुशीची कत्तल आणि आपले कर्तव्य



आज ज्या प्राण्याची बाजू मांडण्यासाठी मी उभा आहे, त्याच्याविषयी कोणाच्या मनात सहसा दया उत्पन्न होत नाही. गाय, हरिण, चिमणी यांचा कैवार घेणाऱ्याला श्रोत्यांची निम्मी सहानुभूती आयतीच मिळते. वाघालासुद्धा ती अलीकडे मिळू लागली आहे. परंतु शार्क म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो दातांच्या रांगा असलेला एक जबडा. आपल्या कोकणकिनाऱ्यावर या माशाला मुशी म्हणतात, लहान असेल तर मोरी. मोरीचे तिखट कालवण आवडीने खाणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून ती मुद्दाम देण्याची रीतही किनाऱ्यावर आहे. म्हणजे मुशीशी आपला संबंध दोनच ठिकाणी येतो : भीतीत आणि ताटात. तिच्या जगण्याशी मात्र तो कधी येत नाही.

प्रथम भीतीचा हिशेब पाहू. साऱ्या जगात मुशीने आपण होऊन केलेल्या हल्ल्यांत वर्षाला सरासरी पाच-सहा माणसे दगावतात. उलट माणसाच्या मासेमारीत किती मुशी मरतात? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षातील हा आकडा सुमारे ८ कोटी होता, आणि त्यांपैकी अडीच कोटींच्या आसपास मुशी नष्ट होण्याच्या वाटेवर असलेल्या जातींच्या होत्या. आता क्रूर कोणाला म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. १९७४ साली पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही कादंबरी निघाली, पुढच्याच वर्षी तिच्यावरचा चित्रपट आला, आणि जगभरच्या लोकांनी मुशीची धास्ती घेतली. पुढे बेंचली यांना या चित्राचा पश्चात्ताप झाला. उरलेल्या आयुष्यात त्यांनी मुशीच्या रक्षणाचा प्रचार केला. लेखकाने स्वतःच उभे केलेले भूत स्वतःच उतरवू पाहावे, असे उदाहरण विरळाच !

मुशी हा मासा खरा, पण बांगडा-तारलीच्या जातकुळीचा नव्हे. तिच्या अंगात हाड नाही. सारा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीवरचा भाग ज्या लवचिक द्रव्याचा असतो त्याचा. पृथ्वीवर राक्षसी सरडे अवतरण्यापूर्वीपासून तिचे कुळ समुद्रात नांदत आहे. आज तिच्या पाचशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. या साऱ्या प्रकरणाची किल्ली मात्र तिच्या प्रजननात आहे. तारलीची मादी हजारो अंडी सोडते. त्यांतली बहुतेक वाया गेली तरी वंश चालतो. मुशीचे तसे नाही. पुष्कळ जातींची मादी वयात येण्यास दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे घेते, महिनोन् महिने गर्भ वाहते आणि मोजकीच पिल्ले देते. काटेरी मुशीचा गर्भकाळ तर दोन वर्षांच्या घरात जातो. थोडक्यात, तिची संसाराची रीत माशाची नसून हत्तीची आहे. तारलीच्या हिशेबाने तिची शिकार केली, तर भांडवलच खाऊन टाकल्यासारखे होते आणि व्याज देण्यास कोणी उरत नाही.

हा नुसता तर्क नव्हे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हा प्रयोग होऊन गेला आहे. मुशीचे यकृत फार मोठे आणि तेलाने भरलेले असते, आणि त्या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व असते. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाले, तेव्हा अमेरिकेत एका विशिष्ट मुशीवर अक्षरशः सोन्याच्या खाणीसारखी झुंबड उडाली. काही वर्षांतच जाळी रिकामी येऊ लागली. पुढे हे जीवनसत्त्व कारखान्यात तयार होऊ लागले, म्हणून ती धाड थांबली. माणसाच्या शहाणपणाला त्याचे श्रेय देता येत नाही.

यकृतानंतर पाळी आली परांची. चीनमधील मेजवान्यांत मुशीच्या परांचे सार हे जुन्या काळापासून वैभवाचे लक्षण मानले जाते. नवल असे की, या पराला स्वतःची चव जवळजवळ नाही. त्यातले शेवयांसारखे तंतू तोंडाला लागावेत एवढ्यासाठीच तो घालतात. चव येते ती कोंबडीच्या किंवा हॅमच्या रसाची. पर महाग आणि मांस स्वस्त, शिवाय बोटीवर जागा अपुरी. यातून एक अमानुष धंदा जन्मास आला. मुशी बोटीवर ओढायची, जिवंतपणीच तिचे पर कापून घ्यायचे आणि उरलेले धड समुद्रात लोटून द्यायचे. परांचे वजन साऱ्या शरीराच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. बाकीचे एकोणीस हिस्से टाकाऊ ! पर गेलेल्या मुशीला पोहता येत नाही. पुष्कळ जातींना कल्ल्यांतून पाणी खेळते ठेवण्यासाठी सतत पोहावे लागते. त्या तळाशी जाऊन गुदमरतात. ज्यांना तसे पोहावे लागत नाही, त्या रक्तस्रावाने किंवा दुसऱ्या माशांच्या तोंडी सापडून मरतात. मासा ओरडत नाही, म्हणून त्याला वेदना नाही असे आपण धरून चालतो. हा आपल्या कानांचा दोष आहे.

आपल्या देशात बहुधा मुशी अख्खीच बंदरावर येते, कारण तिचे मांस येथे खाल्ले जाते. तेव्हा हे पाप आपले नव्हे, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होईल. तो आवरण्यासाठी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची हकीकत सांगतो.

व्हेल शार्क ही जगातली सर्वांत मोठी मासळी आहे. लांबी चाळीस फुटांपर्यंत आणि त्याहूनही अधिक. पण खाणे काय, तर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी. माणसाच्या वाटेला ती कधी जात नाही. वेरावळच्या बाजूस ही मुशी थंडी-उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ येते. तिला आकडा मारून दोराला रिकामी पिंपे बांधीत. ती पिंपे ओढता ओढता जनावर थकले म्हणजे ते बंदराकडे ओढून नेत. पूर्वी तिच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावण्यापुरती ही शिकार होई. १९९० नंतर मांसाला आणि परांना परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि कत्तल वाढली. माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा बोलपट काढून ती जगापुढे मांडली. मे २००१ मध्ये सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीला, नेऊन बसविले.

परंतु समुद्रात पोलीस चौकी नसते. कायदा कोळ्याच्या मनात शिरल्याखेरीज पाण्यावर चालत नाही. २००४ पासून ‘वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया’ या संस्थेने गुजरातच्या वनखात्याला बरोबर घेऊन जी मोहीम काढली, तिचे महत्त्व येथे आहे. रामकथाकार मोरारी बापू यांनी कोळ्यांना साध्या भाषेत सांगितले : ही मुशी म्हणजे तुमची ‘वहाली दीकरी’, लाडकी लेक. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तशी ती तुमच्या किनाऱ्याला येते. माहेरी आलेल्या लेकीवर कोणी हत्यार उगारतो काय? हा युक्तिवाद पटण्यासाठी जीवशास्त्र शिकावे लागत नाही. ज्या हातांनी आकडे फेकले, त्याच हातांनी पुढे आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिल्या. जाळे म्हणजे कोळ्याची दौलत. ती आपल्या हाताने कापणे हा लहान त्याग नव्हे. म्हणून कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची व्यवस्था झाली, आणि सुटकेचे छायाचित्र घेण्यासाठी कोळ्यांच्या हाती कॅमेरे दिले गेले. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली.

याच्या उलट उदाहरणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जुलै २००१ मध्ये सरकारने एका फटक्यात सर्वच जातींच्या मुशी आणि पाकटांवर बंदी घातली. किनाऱ्यावर ओरड झाली, आणि डिसेंबरात ती बंदी थोड्या जातींपुरती आखडती घ्यावी लागली. ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला न विचारता केलेली दया टिकत नाही. पुढे २०१३ साली पर अंगाला जोडलेले असल्याखेरीज मुशी बंदरावर उतरवू नये असे धोरण ठरले, २०१५ साली परांची निर्यात बंद झाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी वाढली. ही पावले योग्यच आहेत. परंतु वर सांगितलेल्या २०२४ च्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, जगभर पर कापण्यावर निर्बंध येऊनही मुशींचे मरण कमी झाले नाही. परांऐवजी मांसाची बाजारपेठ वाढली. क्रूरता कमी झाली, पण संख्या घटतच राहिली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ओळखले पाहिजे.

मुशी गेली तर आपले काय जाते, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियातील शार्क बे या उपसागरात शास्त्रज्ञांनी पाहिले की, वाघमुशीच्या धाकाने कासवे आणि समुद्रगायी एकाच जागी चरत राहत नाहीत, त्यामुळे तळाचे गवत टिकते. त्या गवतात मासळीची पिल्ले वाढतात. रानात वाघाचा धाक असावा लागतो, तसाच पाण्यात मुशीचा.

मग आपण करावे काय? मासे खाऊ नका, असे कोळीवाड्यात जाऊन सांगण्याचा अधिकार मला नाही. पण बाजारातल्या टोपलीत हातभर लांबीची मोरी दिसली, तर ती कोणत्या जातीची, हे विचारण्याची सवय आपण लावून घेऊ शकतो. काही जाती पूर्ण वाढूनही तेवढ्याच राहतात. पण काही वेळा ते मोठ्या मुशीचे तान्हे पिल्लू असते. ते पिल्लू आपण विकत घेतो, म्हणून ते जाळ्यात ठेवले जाते. पिल्लांचा हंगाम आणि जागा सोडून मासेमारी करणे, जिवंत आलेले पिल्लू परत सोडणे आणि त्यासाठी होणाऱ्या नुकसानीत शहराने वाटा उचलणे, एवढी तडजोड अवघड नाही. वेरावळच्या कोळ्याने आपले जाळे कापून दाखविले आहे. ज्यांचे जाळे कापावे लागत नाही, त्या आपल्याकडून निदान एवढे तरी व्हावे.