एका छऱ्यावर किती भार?

दातांच्या डॉक्टरांचे ड्रिल मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. एवढ्या वेगात ते न थरथरता फिरते ते आतल्या इवल्याशा बेअरिंगमुळे. अशा अनेक बेअरिंगमध्ये आता पोलादाऐवजी सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे छर्रे असतात. पोलादाच्या तुलनेत त्यांचे वजन निम्म्याहूनही कमी असते. ते अधिक कठीण असतात आणि गंजत नाहीत. उणीव एकच, हे सिरॅमिक ठिसूळ असते.

पॉलिश करताना हीच उणीव आडवी येते. जादा भार पडला तर पोलाद थोडे दबते, सिरॅमिक मात्र तडकते. हा तडा अनेकदा पृष्ठभागाखाली असतो, त्यामुळे वरून छर्रा आरशासारखा चमकत राहतो. पुढे बेअरिंगमध्ये त्याच जागी पुन्हापुन्हा भार आला की तडा वाढतो आणि एके दिवशी टवका उडतो.

पारंपरिक पद्धतीत छर्रे तबकड्यांमध्ये धरून हिऱ्याच्या भुकटीने सावकाश घासतात. प्रत्येक छऱ्यावर सुमारे १० न्यूटन, म्हणजे एक किलो वजनाइतका भार असतो आणि काम कित्येक आठवडे चालते. १९८०च्या दशकात जपानमधील संशोधकांनी यावर वेगळी वाट शोधली. पुढे अमेरिकेतील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातही तिच्यावर बरेच काम झाले.

या पद्धतीत एका पात्रात चुंबकी द्रव भरतात. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पात्राच्या तळाशी चुंबक असतात. ते द्रवाला खाली खेचतात, त्यामुळे द्रवात मिसळलेले अचुंबकी घासकण आणि अॅक्रिलिकची एक चकती वर ढकलली जाते. चकतीवर छर्रे आणि त्यांच्यावर वेगाने फिरणारा दांडा अशी रचना असते. छऱ्यांना खालून जणू पाण्याच्या गादीचा आधार मिळतो. प्रत्येक छऱ्यावर येणारा भार सुमारे १ न्यूटन, म्हणजे १०० ग्रॅम वजनाइतकाच राहतो. भार कमी असल्याने वेग वाढवता येतो आणि आठवड्यांचे काम काही तासांवर येते.

पण हा भार नेमका किती, हे नजरेने कळत नाही. चुंबकापासून दूर जाऊ तसे वर ढकलणारे बल झपाट्याने घटते. दांडा थोडा खाली आणला की भार वाढतो. छर्रे घासून लहान झाले की चकती वर सरकते आणि भार आपोआप उतरतो. म्हणून पात्राखाली बलमापक बसवतात. त्यातल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब आला की विद्युतभार निर्माण होतो आणि त्यावरून बल मोजता येते. एकूण बलाला छऱ्यांच्या संख्येने भागले की प्रत्येकाच्या वाट्याचा सरासरी भार मिळतो.

केवळ सरासरी पाहून मात्र भागत नाही. सुरुवातीला छर्रे पुरते गोल नसतात, त्यामुळे बल सारखे वर-खाली होते. त्यातला एखादा जोराचा धक्काही तडा पाडू शकतो. म्हणून नोंद क्षणाक्षणाची हवी.

शेवटचा हात सिरियम ऑक्साइडचा. हे कण सिलिकॉन नायट्राइडपेक्षा मऊ असल्याने ओरखडा काढत नाहीत. घासताना पृष्ठभागावर रासायनिक क्रिया होऊन अगदी पातळ थर निघतो. मात्र आधीच खोलवर गेलेला तडा या शेवटच्या हाताने भरून निघत नाही. त्यामुळे छर्रा किती टिकणार, हे चमक येण्याच्या बरेच आधी, त्याच्यावरचा भार किती सांभाळला यावर ठरलेले असते.