फटफटीच्या कारब्युरेटरातील एक लहानशी सुई

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस ठाकुर्लीस आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. चाळीच्या जिन्याखाली त्याच्या आजोबांची जुनी जावा मोटारसायकल उभी होती. तिच्याखाली फरशीवर हाताच्या पंजाएवढा ओला डाग पडला होता, आणि साऱ्या जिन्यात पेट्रोलचा वास कोंडला होता. जिन्याच्या पायथ्याशीच शेजारच्या बिऱ्हाडाने सांजवात लावण्याची तयारी चालविली होती. आम्ही ती वात घटकाभर थांबविण्याची विनंती केली, गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद केला, दारे उघडी टाकली, आणि वास ओसरेपर्यंत कोणास विजेचे बटणही दाबू दिले नाही. आजोबा हसून म्हणाले, "मास्तर, गाडी म्हातारी झाली, थोडी गळायचीच!" हा समज पुष्कळांचा आहे आणि तो घातक आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते व खोलगट जागी साचून राहते. यास्तव गळतीचे मूळ कोठे असते व ती कशी थांबवावी, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

पेट्रोल नुसते पेटवून इंजिन चालत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा मिळाली, तरच ज्वलन नीट होते. हे मिश्रण सिद्ध करणारे यंत्र म्हणजे कारब्युरेटर. तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखून ते बारीक तोटीतून फवारण्याची युक्ती जर्मनीतील विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली साधली. पुढे इंग्लंडात १९२७ साली स्थापन झालेल्या अमल कंपनीचे कारब्युरेटर जुन्या बुलेट गाड्यांवर आले, तर चेकोस्लोव्हाकियातील जावा गाड्यांवर जिकोव्ह या नावाचे असत. आपल्या देशात बुलेट १९५५ पासून मद्रासेस, आणि जावा १९६१ पासून म्हैसुरास तयार होऊ लागली. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला; परंतु त्याच्या गाड्या अद्यापि अनेक घरी मायेने सांभाळलेल्या आढळतात.

आता आपल्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पाणी वर चढू लागले की बॉलकॉकचा पोकळ गोळा त्यासवे उचलला जातो आणि नळाचे तोंड बंद करतो. पाणी उतरले की तोंड पुन्हा उघडते. कारब्युरेटराच्या बाजूच्या वाटीत नेमके हेच घडते. तेथे गोळ्याच्या जागी फ्लोट असतो, आणि नळाचे तोंड मिटविण्याचे काम निमुळत्या टोकाची एक सुई करते. ही सुई आपल्या बैठकीवर सर्व बाजूंनी घट्ट बसली नाही, तर टाकीतील पेट्रोल अखंड उतरत राहते व वाटी भरून बाहेर सांडते. कधी ते बाहेर न येता इंजिनात शिरते, आणि बुलेटसारख्या गाडीत सिलिंडरच्या कडेने खाली उतरून वंगणाचे तेल पातळ करते. तेव्हा जमीन कोरडी असली म्हणजे गळती नाही, असे समजू नये.

गळतीची कारणे बहुधा चार: सुई व बैठक यांमध्ये अडकलेला कचरा, सुईच्या टोकावर झीज होऊन पडलेली वर्तुळाकार खाच, भोक पडलेला फ्लोट, आणि वाटीतील चुकीची पातळी. जावासारख्या दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते. गाडी पुष्कळ दिवस उभी राहिली की पेट्रोल उडून जाते व चिकट तेल मागे उरून सुई धरून ठेवते.

परीक्षा करताना प्रथम गाडी सरळ उभी करावी. एका बाजूस कललेल्या गाडीतून सुई चांगली असूनही पेट्रोल सांडू शकते. मग लाकडी मुठीने वाटीवर हलकेच टिचकी मारावी. गळती थांबली, तर कचरा अडकला होता असे समजावे. न थांबल्यास कॉक बंद करून, मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर, वाटी उघडावी. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटका आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडविला असता आतील हवा प्रसरण पावते, आणि भोकातून बुडबुडे निघून जागा दाखवितात. त्यास डाग देण्याचे काम आतील पेट्रोल पूर्णपणे निघून गेल्यावर, जाणत्या माणसानेच करावे. डागाचे कथील फार झाल्यास फ्लोट जड होऊन अधिक बुडतो, म्हणून सुई मिटण्यापूर्वी पातळी जास्त वर चढते. अशा रीतीने एक गळती बुजविताना दुसरी जन्मास येते.

सुईचे टोक भिंगाखाली पाहावे. अगदी पुसट रेघ असेल तर पितळ उजळण्याचे मलम लावून, सुई बैठकीत ठेवून बोटांनी अलगद फिरवावी, आणि दोन्ही भाग स्वच्छ धुवावेत. खाच नखास लागत असेल तर सुई बदलावी. जमल्यास बैठकही नवीन घ्यावी. रबरी टोकाची सुई मात्र कधीही घासू नये. हातोडीने ठोकून सुई बसविण्याचा मोह अनेकांस होतो. त्याने बैठक कायमची बिघडते.

आणखी एक गोष्ट. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या जातीचे रबर फुगविते. आमच्या या खाडीकाठच्या दमट हवेत टाकीही आतून गंजते, व तो गंज सुईपर्यंत पोहोचतो. तेव्हा टाकीच्या कॉकाची जाळी साफ ठेवावी, गाडी उभी करताच कॉक बंद करावा, आणि महिनाभर चालवावयाची नसेल तर वाटी रिकामी करून ठेवावी.

ठाकुर्लीच्या त्या गाडीत काय निघाले? सुईच्या टोकाशी मोहरीहूनही लहान असा गंजाचा कण, आणि त्याखाली पडलेली खोल खाच. पुढील रविवारी उपासना आटोपून आम्ही गेलो, तो विद्यार्थ्याने आजोबांच्या देखरेखीखाली नवी सुई बसविली होती. फरशी कोरडी होती आणि जिन्याच्या पायथ्याशी शेजाऱ्यांची सांजवात निर्धास्त तेवत होती. आजोबा म्हणाले, "मास्तर, गाडी म्हातारी नव्हती, आम्हीच आळशी झालो होतो."

मुलांनो, अल्पशा गोष्टींतील विश्वासूपणाची थोरवी आपल्या प्रभूने शिकविली आहे. एवढीशी सुई आपले काम चोख करते म्हणून साऱ्या चाळीस सुखाने झोप लागते. ती गळू लागली, तर दोष तिच्या वयाचा नव्हे, आपल्या दुर्लक्षाचा असतो. पालकांसही आमची विनंती आहे की, घरी जुनी फटफटी असल्यास आज रात्री निजण्यापूर्वी तिच्याखालची फरशी एकवार हाताने चाचपून पाहावी.