फोनचा चार्ज घेताना

८.३० – भोसरी एमआयडीसी. जुने ॲडमिन उद्यापासून येणार नाहीत, म्हणून चार्ज आज त्यांच्या समोरच घ्यायचा. हातात एक कागद आला: दोन पासवर्ड आणि टेलिकॉम कंपनीच्या माणसाचा मोबाइल नंबर. ‘‘बाकी सगळं सिस्टिममध्ये आहे,’’ म्हणाले. चार्ज देणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

सर्व्हर रूममध्ये ॲस्टेरिस्क सॉफ्टवेअरवर चालणारं आयपी पीबीएक्स, म्हणजे कंपनीचं टेलिफोन एक्स्चेंज, बाहेरच्या पीआरआय लाइनचा गेटवे आणि पीओई स्विच. टेबलावरच्या फोनना वीज या स्विचमधूनच मिळते. स्विच यूपीएसवर नसला तर लाइट गेली की फोनही मुके. सुदैवाने यूपीएसवर आहे.

९.१५ – कशालाही हात लावण्याआधी बॅकअप. तो रोज रात्री होतो, पण त्याच मशीनच्या डिस्कवर. याला बॅकअप म्हणत नाहीत. एक कॉपी दुसरीकडे काढली.

१०.०० – फोन खणखणायची वेळ, म्हणून सेटिंग बदलणं बंद. ऑपरेटर मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकली. त्यांच्याकडे कव्हर घातलेली एक वही आहे, पेन्सिलीने लिहिलेली. ‘‘सर, सिस्टिममध्ये २१७ म्हणजे स्टोअर. पण स्टोअरवाले कधीच मागच्या शेडमध्ये गेले. २१७ आता क्वालिटीवाले उचलतात.’’ डिस्पॅचचा फोन प्रेस शॉपला लागून, घंटा ऐकूच येत नाही. म्हणून त्या आधी शेजारच्या ऑफिसात फोन करून हाक मारायला सांगतात. सहानंतर मुख्य नंबर गेटवर वाजतो, हे मात्र वहीत नाही, तोंडीच. तासभर बसलो. सिस्टिममधली एक्स्टेन्शन यादी पानागणिक खोटी ठरत गेली.

११.४० – नाशिकच्या डेपोची तक्रार: ‘‘आम्हाला तुमचं ऐकू येतं, तुम्हाला आमचं येत नाही.’’ कॉल जुळवण्याचं काम एसआयपी करतं, आवाज आरटीपीच्या वेगळ्या वाटेने जातो. कॉल लागतो आणि आवाज एकाच बाजूने येतो, तेव्हा बहुधा राउटरचा घोळ असतो. तिथल्या राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ हे सेटिंग चालू होतं. बंद करायला लावलं, आवाज आला.

२.१५ – लॉग उघडला. ५०६० पोर्टवर बाहेरून कुणीतरी सतत पासवर्ड लावून बघतंय. यात नवल नाही, इंटरनेटवर उघड्या टाकलेल्या प्रत्येक पीबीएक्सचं हेच होतं. पण नोकरी सोडून गेलेल्यांची एक्स्टेन्शन अजून जिवंत, त्यांचे पासवर्ड म्हणजे एक्स्टेन्शनचाच नंबर, वर आयएसडी सगळ्यांना खुली! एका रात्रीत परदेशी नंबरांवर कॉल लागले की बिल कंपनीच्या नावावर. मेलेली एक्स्टेन्शन काढली, पासवर्ड बदलले, आयएसडी फक्त एक्स्पोर्टवाल्यांना पिनसह ठेवली. फायरवॉलमध्ये ठरावीक पत्त्यांपुरतंच पोर्ट उघडं.

४.०० – डायल प्लॅन वाचताना थबकलो. बाहेर फोन लावायचा तर आधी ०. मग आणीबाणीचा ११२? त्यालाही आधी ०. नुसता ११२ लावला तर ‘असा नंबर नाही’.

यात काय धोका आहे? २०१३ साली टेक्सासमधल्या एका हॉटेलात कारी हंट यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यांच्या ९ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून तिथला आणीबाणीचा ९११ चार वेळा लावला. पण तो लागला नाही, कारण तिथे बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायचा होता. पोरीला ते कुठून ठाऊक असणार? पुढे अमेरिकेत अशा फोनवरून ९११ थेट लागलाच पाहिजे, असा कायदा झाला. कारी हंट यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

११२ साठी ० शिवायचा नियम लिहिला. तपासायला ११२ उगाच लावायचा नाही, म्हणून तसाच नियम टेलिकॉम कंपनीच्या १९८ साठी लिहून आधी तो लावून पाहिला. लागला.

५.४५ – नव्या सेटिंगसाठी सर्व्हर रीस्टार्ट हवा. उद्या गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी, तेव्हाच करणार. तेवढा वेळ गेटचा फोनही बंद राहील, म्हणून वॉचमन काकांना मोबाइल चार्ज करून ठेवायला सांगितलं.

तुमच्या ऑफिसातही फोन सांभाळणाऱ्याला उद्या एवढंच विचारा: टेबलावरच्या फोनवरून ११२ थेट लागतो का?